आधी पाय, मग हात

घरच्या पायमशीनवर तुझा हात चांगला बसलाय, ते पहिल्या कॉलरलाच कळलं मला. पण पोरी, तीच सवय इथं नडेल. घरी पाय थांबला की चाक थांबतं, वाटलं तर हातानं धरता येतं. इथलं मशीन मिनिटाला 4,000 ते 5,000 टाके घालतं. बोट काढून घेईन म्हणशील, तोवर सुई नखातून पार.

सुई बोटात जाते कधी, ते नीट ऐक. सरळ शिलाई भरधाव चालली असताना सहसा नाही, तेव्हा डोळे तिथंच असतात. जाते ती दोरा ओवताना, बॉबिन बदलताना, फूटखालचा गुंता काढताना. हात सुईखाली, आणि पाय आपला पेडलवर विसावलेला. शेजारणीनं हाक मारली, तू वळलीस, चवडा दाबला गेला, झालं! म्हणून आधी पाय जमिनीवर टेकवायचा, मग बटण बंद, मग हात. चहावाला आला, सुपरवायझर बोलायला थांबला, तरी पाय खालीच.

त्या भिंतीकडच्या जुन्या मशिनींना क्लच मोटर आहे. ती सारखी फिरत असते, पेडल दाबलं की फक्त पट्ट्याला जोडली जाते. बटण बंद केलं तरी आतला जोर लगेच संपत नाही. तेवढ्यात पेडलला धक्का लागला तर सुई एक-दोन टाके मारतेच. बटण बंद केल्यावर फूटखाली चिंधी घालायची, हात बाजूला घ्यायचे आणि पेडल दाबून तो जोर संपवून टाकायचा. आवाज पूर्ण थांबला की मग दोरा. नव्या सर्वो मोटरचं उलटं. ती इतकी गप्प असते की मशीन बंदच आहे असं वाटतं. तिथं कानावर जाऊ नकोस, दिवा बघ. शिवाय काही मशिनींत टाच मागं दाबली की खालची सुरी दोरा कापते, तेव्हा पाय काढतानाही सरळ उचलायचा. लाइट गेली तर आधी बटण बंद कर. ती परत येताना सांगून येत नाही.

सोलापूरचा उन्हाळा आणि शाळेच्या युनिफॉर्मचा सीझन एकदमच येतो. घामानं जीव नकोसा होतो, मग सगळ्या पंखा आपल्याकडे वळवून घेतात. त्या वाऱ्यानं ओढणीचं टोक उडून थेट पट्ट्याकडे जातं. ओढणी काढून ठेव नाहीतर घट्ट खोचून त्यावर एप्रन बांध. वेणीचा अंबाडा घाल, मंगळसूत्र आत टाक. दोरा वर ओढणारी दांडी तुझ्या कपाळासमोरच वर-खाली होत असते, वाकून बघणारीची बट ती सहज पकडते.

सुईपुढची बोटांची जाळी दोरा ओवताना आड येते म्हणून काहीजणी वाकवून ठेवतात. तू वाकवू नकोस. पट्ट्याचं कव्हर नसेल तर त्या मशीनवर बसायचंच नाही, फिटरला बोलव. ‘आजचा दिवस चालवून घे’ म्हणणारे भेटतील. फिरत्या भागांना आडोसा घालणं हे मालकाचं काम, हे 1948च्या कारखाने कायद्यातही लिहिलेलं होतं. तू काही जगावेगळं मागत नाहीस.

हाफपँटच्या लूपवर सहा-सात पदर येतात. तिथं पेडल दाबून रेटू नकोस, चाक हातानं फिरव. कापडही ओढू नकोस, दाते पुढं नेतात तेवढं नेऊ दे. ओढलं की सुई वाकते, प्लेटवर आपटते आणि तुकडा डोळ्याकडे उडतो. मोडलीच तर सगळे तुकडे गोळा करून सुपरवायझरला दे, मग नवी माग. टोक सापडेपर्यंत तो पीस पुढं जाऊ द्यायचा नाही, तो कुणातरी लेकराच्या अंगात जाणार असतो.

आणि एवढं करूनही बोटात सुई गेलीच, तर हात हिसडायचा नाही. ओरड, शेजारणीला बटण बंद करायला सांग. फिटर सुईचा स्क्रू सैल करून बोट सोडवील. तुकडा आत राहिला असेल तर उपसायचा नाही, तो डॉक्टर काढतील. बाहेरून दिसत नसला तरी सुईचं टोक कमी भरलं तर एक्स-रे काढायलाच लाव. धनुर्वाताचं इंजेक्शन घे, अपघाताच्या वहीत नोंद करवून घे. हळद दाबून पुन्हा मशीनवर बसायचं नाही. ईएसआयचं कार्ड झालं नसेल तर उद्याच ऑफिसात विचार, आणि झालं की त्याचा नंबर घरच्यांनाही देऊन ठेव.