जेष्ठमधाचा काढा आणि ताणाचे संप्रेरक

गेल्या उन्हाळ्यात माझ्या ओळखीच्या एक बाई, पासष्टीच्या, मनामाला मुलाकडे राहायला आल्या. गावचे घर बंद, मुलगा-सून दिवसभर कामावर, बाहेर पाऊल टाकवेना असे ऊन. झोप उडाली, छातीत धडधड होऊ लागली. कोणीतरी सांगितले, "तुमचे कॉर्टिसॉल वाढले आहे, औषध नको, नैसर्गिक काहीतरी घ्या." बाजारात जडीबुटीवाल्याचे दुकान असते, त्याला इथे हव्वाज म्हणतात. तिथून त्यांनी जेष्ठमध आणले आणि रोज दोन वेळा काढा सुरू केला. जोडीला अश्वगंधाच्या गोळ्या. दोन महिन्यांनी माझ्याकडे आल्या त्या पायांत गोळे येतात म्हणून. मी आधी ब्लडप्रेशर घेतले. 180/100! आणि बी.पी.ची गोळी तर चालू होती. डॉक्टरांकडे नेले, तेव्हा रक्तातले पोटॅशियम बरेच खाली गेलेले निघाले.

कॉर्टिसॉल म्हणजे काय ते आधी पाहू. दोन्ही मूत्रपिंडांच्या टोकावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्या हे संप्रेरक तयार करतात. पहाटे ते वाढते म्हणून आपण उठून कामाला लागतो, मध्यरात्री सर्वांत कमी असते. म्हणूनच आम्ही नर्सेस ही तपासणी सकाळी आठच्या सुमारास करायचो आणि बाटलीवर वेळ लिहायचो. वेळ लिहिली नाही तर तो आकडा निरुपयोगी. दुखण्यात, भीतीत हे वाढणारच. ते अजिबात नसेल तर माणूस जगत नाही.

आता जेष्ठमधाची गंमत ऐका. मूत्रपिंडात एक पाचकद्रव्यासारखा पदार्थ, म्हणजे एन्झाइम, असते. ते कॉर्टिसॉलला तिथल्या तिथे निकामी करते. जेष्ठमधातले ग्लिसरायझिन त्या एन्झाइमलाच अडवते. मग कॉर्टिसॉल मोकाट सुटते, शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते. म्हणजे बाई ज्याला आवरायला निघाल्या होत्या, त्याचेच हात त्यांनी बळकट केले. त्यातून त्यांच्या बी.पी.च्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते, त्यानेही पोटॅशियम जाते. खोकल्यासाठी दोन दिवस काडी चघळली तर धडधाकट माणसाचे काही बिघडत नाही. पण रोजचा काढा, किंवा रमजानमध्ये अरबी दुकानांत मिळणारे जेष्ठमधाचे सरबत, बी.पी.च्या, हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रोग्यांनी टाळावे. गरोदर बायकांनीही.

अश्वगंधाला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. 2012 साली भारतात 64 जणांवर 60 दिवस चाचणी केली, तेव्हा ती घेणाऱ्यांचे कॉर्टिसॉल काहीसे उतरले होते. पण 64 माणसे म्हणजे किती? दुसरीकडे, तिने थायरॉईडचे संप्रेरक वाढू शकते, झोपेच्या आणि मधुमेहाच्या औषधांचा परिणाम बदलू शकतो, आणि यकृताला इजा होऊन कावीळ झाल्याची उदाहरणेही नोंदलेली आहेत. डेन्मार्कने 2023 मध्ये तिच्यावर बंदीच घातली. थायरॉईडची गोळी घेणाऱ्या आपल्या बायका किती, ते तुम्हीच मोजा.

सर्वांत भय मला वाटते ते 'नैसर्गिक' लेबलाच्या सांधेदुखीच्या गोळ्यांचे. 2022 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 'आर्ट्री किंग' नावाच्या गोळ्यांबाबत इशारा दिला. त्यांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड सापडले होते, लेबलवर त्याचा उल्लेखही नव्हता. असे स्टेरॉईड महिनोन्महिने पोटात गेले की आपल्या ग्रंथी झोपी जातात. मग गोळी एकदम बंद केली तर चक्कर, उलट्या, बी.पी. कोसळणे, प्रसंगी जीवावर बेतते. म्हणून अशी शंका आली तर मनाने बंद करू नका, सगळ्या बाटल्या पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवा. लाजू नका, आम्ही याहून वाईट पिशव्या पाहिल्या आहेत!

इथे बहरीनमध्ये मरव्याचे पाणी, खजुराच्या मोहोराचे पाणी चहात घालून पितात. सुगंध छान, मीही घेते. पण त्याने कॉर्टिसॉल उतरते असे मी म्हणणार नाही.

त्या बाईंचा काढा बंद केला, पोटॅशियमची औषधे झाली. बी.पी. ताळ्यावर यायला तीन आठवडे लागले, कारण जेष्ठमधाचा परिणाम लगेच जात नाही. दुपारनंतरची कॉफी मी बंद करायला लावली. बहिणीला रोज सकाळी फोन करायचा असे ठरवले. सूर्य मावळल्यावर आम्ही दोघी समुद्राकाठी चालतो, आणि मी फार हळू चालते अशी आता त्यांचीच तक्रार असते.