जुनी रायफल घ्यावी का?

प्रश्न : हाटपिपल्याजवळ आमची चौदा बिघे शेती आहे. घर मराठी, तीन पिढ्या इथेच. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू-हरभरा. रोजडे (नीलगायी) आणि रानडुकरे पीक धडपणे घरात येऊ देत नाहीत. वडिलांच्या ओळखीतले एक वयस्कर गृहस्थ आपली .३१५ बोअरची शिकारी रायफल विकायला काढत आहेत. चाळीस वर्षांपूर्वी घेतली, पण दहा गोळ्यासुद्धा झाडल्या नसतील, असे ते सांगतात. माझ्याकडे अजून शस्त्र-परवाना नाही. ही रायफल घ्यावी का? आणि घ्यायची तर काय बघून घ्यावी?
— एक वाचक, हाटपिपल्या (जि. देवास)

उत्तर : रोजड्यांसाठी घेत असाल, तर घेऊ नका. दुसऱ्या कारणासाठी घेत असाल, तर बघून-सवरून घ्यायला हरकत नाही. तुमचे पत्र वाचून मला वाटते की पहिलेच कारण खरे आहे, म्हणून आधी त्याविषयी.

आपल्याकडचा शस्त्र-कायदा १९५९चा. त्याच्या तेराव्या कलमात पीक-राखणीचा उल्लेख अगदी स्पष्ट आहे, आणि तो ठासणीच्या बंदुकीच्या संदर्भात आहे. ठासणीची बंदूक पुरी पडणार नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले, तर त्याला किमान वीस इंच नळीच्या दुसऱ्या एखाद्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा, म्हणजे आपल्या नेहमीच्या बारा बोअरचा, परवाना देता येतो. पिकासाठी रायफल असे त्या कलमात कुठेही नाही. रायफल मागायची तर वेगळे सबळ कारण दाखवावे लागते आणि ते पटवून घेणे न घेणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या हाती असते. तेव्हा देवासला अर्जात ‘रोजडे फार झाले आहेत’ असे लिहून .३१५ मागितली, तर अर्ज चुकीच्या पायावर उभा राहील.

कायदा करणाऱ्यांनी हा भेद उगाच केलेला नाही. बारा बोअरच्या छर्ऱ्यांचा जोर थोड्याच अंतरात ओसरतो. .३१५ची गोळी सोळा ग्रॅमच्या आसपास वजनाची आणि नळीतून बाहेर पडताना तिचा वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या घरात. नेम चुकला किंवा गोळी जनावराच्या आरपार गेली, तर ती दोन किलोमीटरवरही माणूस मारू शकते. आणि आपला माळवा कसा आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. काळी, सपाट जमीन, गोळी अडवायला ना टेकडी ना ताल. रोजडे येतात रात्री किंवा पहाटे. रब्बीत रात्रीच्या लाइटवर गव्हाला पाणी देणारी माणसे त्याच वेळी आजूबाजूच्या शेतांत असतात, कधी बॅटरी लावून, कधी बॅटरी विझवून बांधावर बसलेली. अशा अंधारात रायफल झाडणे मला कोणत्याही कारणाने मान्य नाही. सोयाबीनचे नुकसान भरून काढता येते.

तिसरा अडथळा वन्यजीव संरक्षण कायद्याचा. १९७२चा हा कायदा आणि १९९१ची त्यातली दुरुस्ती यांनी शिकारीचे परवाने इतिहासजमा केले. म्हणजे तुम्हाला दाखवलेली रायफल विकत घेतली गेली, तेव्हाच तिच्या ‘शिकारी’पणाचे दिवस सरत आले होते. रोजडा (महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, त्यालाच रोही म्हणतात) आणि रानडुक्कर हे दोन्ही आज या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकांना धोकादायक ठरलेल्या अशा प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी अकराव्या कलमाखाली देऊ शकतो. पण ती परवानगी त्या-त्या प्रकरणापुरती, कारणे नोंदवून दिलेली असते, आणि मारलेले जनावर सरकारी मालमत्ता ठरते. घरात परवान्याची बंदूक आहे म्हणून शेतातला रोजडा मारायला मोकळीक मिळत नाही. कितीतरी शेतकऱ्यांचा इथेच घोटाळा होतो. शस्त्राचा परवाना वेगळा, जनावर मारण्याची परवानगी वेगळी. दुसरी नसताना बार काढला, तर खटला होतो आणि गुन्ह्यात वापरलेली बंदूकही हातची जाते. बिहारमध्ये रोजड्यांना काही काळापुरते उपद्रवी जाहीर केले गेले आणि २०१६ साली मोकाम्यात ते शेकड्यांनी मारले गेले. त्यावरून केंद्रातल्याच दोन मंत्र्यांमध्ये जाहीर वाद झाला. तसली घोषणा असणे ही अपवादाची स्थिती, तिच्या भरवशावर रायफल घेऊ नये.

आता दुसरी बाजू. समजा तुम्हाला नेमबाजीची आवड आहे, किंवा एकाकी वस्तीवर राहत असल्यामुळे स्वसंरक्षणाचे कारण खरेच दाखवता येते. तर ही रायफल विचारात घेण्याजोगी आहे का?

.३१५ हे बोअर हिंदुस्थानात इतके का पसरले, यामागे इंग्रजांची भीती आहे. सैन्याची काडतुसे लोकांच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांनी खासगी शस्त्रांना सैन्याची बोअर वर्ज्य केली. १९०७च्या सुमाराला .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी आली, तेव्हा विलायतेतल्या बंदूक-कारखानदारांना वाघ-हत्तीच्या शिकारीसाठी .४६५, .४७० अशी नवी बोअर काढावी लागली. .३०३ तर थेट पलटणीचे, त्यामुळे सामान्य माणसाच्या वाट्याला .३१५ आले. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने हेच बोअर चालू ठेवले. तिची .३१५ मूळ ली-एनफील्डच्याच घडणीवर बेतलेली आहे, आणि म्हणूनच इथे सांभाळायचे. बाहेरून .३०३ आणि .३१५ यांत फरक ओळखणे नवख्याला कठीण जाते. .३०३ आजही प्रतिबंधित बोअर आहे, साध्या परवान्यावर ती ठेवता येत नाही. नळीवरचा शिक्का स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर विसंबू नका.

‘दहा गोळ्यासुद्धा झाडल्या नाहीत’ हे ऐकायला छान वाटते, पण माझ्या मनात त्यानेच शंका येते. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचे क्षार नळीत चिकटून राहत, आणि हे क्षार हवेतले पाणी ओढून घेतात. नुसते तेल लावून ते निघत नाहीत, गरम पाण्याने नळी धुवावी लागते, मग कोरडी करून तेल. माणसाने दिवाळीत दोन बार काढले, तेलाचा बोळा फिरवला, रायफल गवसणीत घालून कपाटात ठेवली, की पुढच्या पावसाळ्यापर्यंत आतून गंज धरतो. बाहेर पॉलिश चकचकीत आणि नळीत खड्डे, अशी जुनी रायफल दुर्मीळ नाही. उलट भरपूर वापरलेली, पण दर वेळी धुतलेली रायफल कितीतरी चांगली निघते.

म्हणून बघायला जाल तेव्हा परवानाधारक मालकाच्या समोर, त्याच्याच हाताने बोल्ट मागे ओढवून घ्या, मॅगझिन काढायला लावा आणि चेंबरमध्ये काडतूस नाही याची नजरेने आणि बोटाने, दोन्हीने खात्री करा. मग बोल्ट पूर्ण बाहेर काढून नळीच्या तोंडाजवळ पांढरा कागद उजेडात धरायचा आणि मागच्या बाजूने नळीतून पाहायचे. आतले पीळ कडेने धारदार, एकसारखे फिरत गेलेले दिसले पाहिजेत. काळे ठिपके, मधेच धूसर पट्टा, किंवा गोल कड्यासारखी सावली दिसली, तर पुढे बघायची गरज नाही. कड्यासारखी सावली म्हणजे बहुधा नळी आतून फुगलेली. कधीतरी नळीत अडथळा असताना बार काढला गेला असावा. असे शस्त्र फुकट मिळाले तरी घेऊ नये.

नळी साफ निघाली तर तोंडाकडची गोल कडा पाहा. साफ करायची सळई वर्षानुवर्षे तोंडाकडून घालून ती कडा एका बाजूला झिजते आणि नेम वाकडा जातो. कुंद्याची मूठ, म्हणजे चापामागची बारीक जागा, दोन्ही अंगठ्यांनी दाबून लाकडात केसाएवढी चीर उघडते का ते बघा. खटका लावून चाप ओढला तर घोडा हलता कामा नये. बोल्टच्या दांड्यावरचा आणि रायफलीच्या अंगावरचा नंबर एकच हवा. वेगळा असला तर बोल्ट बदललेला आहे, आणि बदललेला बोल्ट काडतुसाच्या बुडामागे किती फट सोडतो हे नुसत्या डोळ्याला कळत नाही. फट जास्त असेल, तर बार उडताना काडतूस मागच्या बाजूला फाटते आणि तप्त वायू नेम धरलेल्या माणसाच्या तोंडावर येतो. ते गेजनेच मोजायचे असते. इंदूरला परवानाधारक शस्त्र-विक्रेते आणि दुरुस्ती करणारे आहेत, त्यांच्याकडे मालकालाच रायफल घेऊन जायला सांगा. शेतात बार काढून ‘चालते का’ बघणे हा बेकायदा आणि जीवघेणा प्रकार आहे.

कागदांचे थोडक्यात. परवाना हातात नसताना रायफल एक रात्रही घरी आणू नका, पैसे देऊन ‘ठेवून’ घेऊ नका. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बाळगण्याची किमान शिक्षाच दोन वर्षांची झाली आहे. परवान्यासाठी वय एकवीस पूर्ण हवे, पोलिसांचा अहवाल लागतो, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र लागते. खासगी मालकाला आपले शस्त्र परवाना असलेल्या माणसाला विकता येते, पण विकण्याचा इरादा जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबल्याशिवाय नाही. विकणाऱ्याच्या परवान्यावर लिहिलेला शस्त्राचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर अक्षर न अक्षर जुळवून घ्या. परवाना चालू आहे का आणि त्यावर यूआयएन (विशिष्ट ओळख क्रमांक) पडला आहे का, हेही विचारा. नेमबाजीचीच ओढ असेल, तर .३१५ हे त्यासाठी योग्य हत्यार नाही. तो खेळ एअर रायफल आणि .२२वर शिकला जातो. भोपाळला राज्याची नेमबाजी अकादमी आहे आणि महूला सैन्याचे निशाणेबाजी केंद्र. खरगोन जिल्ह्यातल्या शेतकरी घरातला ऐश्वर्यप्रताप सिंह तोमर याच वाटेने ऑलिंपिकपर्यंत पोचला.

राहिला रोजड्यांचा प्रश्न, आणि तो मी टाळणार नाही, कारण पीक डोळ्यांदेखत जाताना काय होते ते शेती करणाऱ्यालाच कळते. झटका मशीनचे सौर कुंपण हा आज हातातला सर्वांत बरा उपाय आहे. तारेतून थोड्या-थोड्या वेळाने अगदी क्षणभराचा झटका येतो, जनावर दचकून फिरते, मरत नाही. मात्र तारेत लाइटचा फेज थेट सोडू नका. त्यात माणसेही मेली आहेत, कित्येकदा शेतमालकाच्या घरातलीच. कुंपण एकट्याने घातले की कळप शेजाऱ्याच्या शेतात घुसतो आणि भांडण होते, म्हणून दहा-बारा खातेदारांनी मिळून सलग पट्ट्याला घालावे. नुकसान झाले तर तहसीलला अर्ज द्या. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकहानीला मध्य प्रदेशात राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४खाली मदत आहे. पंचनाम्याच्या आधी शेत नांगरू नका. पीकविम्यातही २०२६च्या खरिपापासून वन्यप्राण्यांचे नुकसान धरण्याचे केंद्राने जाहीर केले आहे, त्यात बहात्तर तासांच्या आत फोटोसह कळवण्याची अट आहे. शेजारच्या शाजापूर जिल्ह्यात २०२५च्या ऑक्टोबरमध्ये वनविभागाने हेलिकॉप्टरने हाकारा करून काळवीट आणि रोजडे नरसाळ्यासारख्या कुंपणात वळवले आणि दूरच्या अभयारण्यांत नेऊन सोडले. देवासलाही ही मोहीम आणा, अशी मागणी तुमच्या भागातल्या ग्रामपंचायतींनी ठराव करून वनविभागाकडे का करू नये?

आणि त्या गृहस्थांना एक गोष्ट तुमच्याकडून आवर्जून सांगा. परवानाधारक वारला किंवा परवाना संपला, की शस्त्र ताबडतोब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. घरच्यांनी ते कपाटात तसेच ठेवले, तर मुले नकळत गुन्हेगार ठरतात. मालकाने सत्तरी ओलांडली असेल किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले असेल, तर त्याला हयातीतच वारसाचे नाव देऊन परवाना त्याच्या नावे करून देण्याची सोय २०१६च्या शस्त्र-नियमांत आहे. चाळीस वर्षे रायफल ज्यांच्याकडे आहे, त्यांना ती लागू होते. मुलाला नको असेल, तर त्यांनी ती इंदूरच्या एखाद्या परवानाधारक विक्रेत्याला रीतसर विकून टाकावी.