सहल : आनंदाची आणि जबाबदारीची शाळा



परीक्षा संपल्या की धर्मशिक्षणाच्या वर्गांत सहलीचा विषय निघतो. काही पालक विचारतात, "फादर, चर्चने धर्म शिकवावा, सहल कशाला?" या प्रश्नाला संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच उत्तर दिले आहे. ते संत योहानाची एक जुनी गोष्ट सांगतात. योहान शिष्यांबरोबर खेळत होता, म्हणून काही लोक नाराज झाले. त्याने एका धनुर्धाऱ्याला बाणांमागून बाण सोडायला लावले आणि असे सतत करता येईल का, असे विचारले. धनुष्य मोडेल, असे तो म्हणाला. मनाचेही तसेच आहे. संत थॉमस योग्य करमणुकीला सद्गुण मानतात. मात्र अतिरेक आणि रुक्षपणा, दोन्ही दोष मानतात.

म्हणून प्रश्न सहल न्यावी की नाही हा नाही, ती कशी न्यावी हा आहे. दृढीकरण झालेल्या मुलामुलींनी लहानांसाठी सहल आखावी आणि मोठ्यांनी पाठीशी राहावे. त्यासाठी शुभवर्तमानातून तीन धडे घेऊ.

१. आधी बसून हिशेब (लूक १४:२८). बुरूज बांधणारा आधी खर्च मोजतो. गटातील दोघांनी आठवडाभर आधी जागा पाहून यावी. पाणी, सावली, स्वच्छतागृह, बस आणि जवळचा दवाखाना यांची नोंद करावी. लांबच जायला हवे असे नाही. बोरिवलीची मंडपेश्वर लेणी अर्ध्या दिवसात होतात. मूळच्या या शैव लेण्यांत पोर्तुगीज काळात चर्च होते. भिंतीवर कोरलेला क्रूस आजही दिसतो. राष्ट्रीय उद्यानात जायचे असेल, तर ते सोमवारी बंद असते हे आधीच माहीत हवे.

२. गट पाडणे (मार्क ६:३९-४०). भाकरी वाटण्याआधी येशूने लोकांना गटागटाने बसविले. आपणही दहा मुलांमागे दोन मोठे विद्यार्थी ठेवावेत. एक पुढे, एक मागे. खजिनदार, जेवण, खेळ आणि प्रथमोपचार ही कामे वाटून कागदावर लिहावीत. 'सगळ्यांनी बघायचे' म्हटले की कोणीच बघत नाही.

३. मोजणी (लूक २:४३-४५). मरिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले; येशू सोबत्यांत असेल असे त्यांना वाटले. 'असेल' हाच शब्द सहलीत घातक असतो. निघताना, बसमध्ये, जेवणाआधी आणि परतताना नावे घेऊन मोजावे. समुद्राबाबत तर तडजोड नको. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळाही नव्हता. गोराईला गेलो तरी पाण्यात उतरायचे नाही हे घरूनच ठरवून निघावे, आणि पालकांची लेखी संमती घ्यावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. वर्गणी जाहीर झाली की एखादे मूल म्हणते, "मला त्या दिवशी जमणार नाही." पुष्कळदा त्याला वेळ असतो, घरात पैसे नसतात. सर्वांसमोर नावे पुकारून पैसे गोळा करू नयेत. प्रत्येक घरी एकसारखे बंद पाकीट द्यावे. ज्याला जमेल तसे त्याने घालावे आणि कमी पडेल ते धर्मग्रामाने भरावे. कोणी किती दिले हे विद्यार्थ्यांना कळूच नये. उरलेल्या पैशांचा हिशेब मात्र फलकावर लावावा.

संत डॉन बॉस्को यांच्याविषयी सांगतात की १८५५ साली त्यांनी तुरीनच्या सुधारगृहातील मुलांना पहारेकऱ्यांशिवाय दिवसभराच्या सहलीला नेले आणि संध्याकाळी सगळी मुले परत आली. विश्वास टाकला की मुले तो पेलायला शिकतात. आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती सहल सोपविण्याचे कारणही हेच.

घरी चर्चेसाठी :
१. आपल्या मुलावर आपण कोणते काम विश्वासाने सोपवितो?
२. आपल्या इमारतीतील कोणते मूल नेहमी मागे राहते? त्याला बोलवायला कोण जाईल?

शिष्यांना विसाव्यासाठी एकांत जागी बोलाविणारा प्रभू येशू आपल्या मुलांना निर्मळ आनंद देवो आणि सर्वांना सुखरूप घरी आणो.

आपला,
धर्मगुरू