‘हॅव्ह’ ह्या इंग्रजी क्रियापदाचा उपयोग

इंग्रजी शिकूं लागलेल्या मनुष्यास जीं क्रियापदें पहिल्या आठवड्यांतच भेटतात त्यांत ‘हॅव्ह’ हें एक आहे; आणि दहा वर्षें शिकल्यावरही ज्यांत तो चुकतो त्यांतही हेंच आहे. आमच्या मतें ह्याचें कारण असें कीं, ह्या क्रियापदास मराठींत जोडीचा शब्दच नाहीं.

आपण म्हणतों, ‘मला दोन भाऊ आहेत,’ ‘माझ्याजवळ पैसे आहेत,’ ‘त्याची चार एकर जमीन आहे,’ ‘घरास दोन दारें आहेत,’ ‘तिला ताप आहे.’ ह्या वाक्यांत कोठें ‘ला’ आला, कोठें ‘जवळ’, कोठें षष्ठी. हा भेद आपण न शिकतां पाळतों. ‘माझ्याजवळ दोन भाऊ आहेत’ असें कोणी म्हटलें, तर ते त्याच्या घरीं राहतात असेंच ऐकणारा समजेल. इंग्रजींत ह्या पांचही ठिकाणीं एकटें ‘हॅव्ह’ काम करितें. तेवढ्यापुरती ती भाषा सोपी आहे म्हणावयाची.

खरी अडचण निराळीच आहे. मराठींत भाऊ, पैसे, दारें, ताप हे कर्ते होत, आणि क्रियापद त्यांच्यामागून चालतें: भाऊ एक असला तर ‘आहे’, दोन असले तर ‘आहेत’. इंग्रजींत ज्याचे भाऊ तो कर्ता होतो. म्हणून ‘आय हॅव्ह वन ब्रदर’ आणि ‘आय हॅव्ह टू ब्रदर्स’. भाऊ वाढले म्हणून क्रियापद हालत नाहीं. धनी बदलला तरच तें बदलतें. ‘ही’, ‘शी’, ‘इट’, किंवा एकाच मनुष्याचें अथवा वस्तूचें नांव असल्यास ‘हॅज’, आणि बाकी सर्वांस ‘हॅव्ह’. ‘माय फादर हॅव्ह टू बुलॉक्स’ असें लिहिणारा मुलगा दोन बैल पाहून अनेकवचन करितो. त्याचें मराठी व्याकरण अगदीं शुद्ध आहे. तें त्यानें इंग्रजींत लाविलें एवढाच त्याचा दोष. अशा मुलास रागें भरण्यापेक्षां, ‘बैल कोणाचे?’ असें विचारावें. उत्तर येईल तोच कर्ता.

दुसरी चूक मोठमोठे शिकलेले लोकही करितात. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ हें वाक्य अशुद्ध आहे. आप्त, मालमत्ता, दुखणें ह्यांविषयीं बोलतांना ‘हॅविंग’ घालूं नये. परंतु ‘वी आर हॅविंग अवर मील’ हें बरोबर, कारण जेवणें ही चाललेली क्रिया आहे. ह्याची परीक्षा मराठींतच करितां येते. ‘आम्ही जेवीत आहों’ असें आपण म्हणतों. ‘मला दोन भाऊ असत आहेत’ असें कोणीच म्हणत नाहीं.

आतां जेथें आम्ही स्वतः फसलों तें सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शेजाऱ्याच्या मुलास आठ दिवस ताप होता आणि उतरत नव्हता. त्यास जिल्ह्याच्या गांवीं दवाखान्यांत नेण्याचें ठरलें. तेथील डॉक्टर परप्रांतांतले, त्यांस मराठी येत नसे; म्हणून बापानें आमच्याकडून इंग्रजी चिठ्ठी मागितली. आम्हीं लिहिलें, ‘ही हॅड फीवर फॉर एट डेज.’ ताप मागें सुरू झाला, तेव्हां भूतकाळ, असा आमचा हिशेब. परंतु ह्या वाक्याचा अर्थ असा कीं, आठ दिवस ताप होता, आतां नाहीं. चिठ्ठी वाचणारानें तोच अर्थ घेतला आणि ताप निघालेला रोगी म्हणून मुलास रांगेच्या शेवटीं बसविलें. दुपार कलली तेव्हां एका परिचारिकेचा हात सहज त्याच्या अंगास लागला, आणि मग धांवपळ झाली. मुलगा पुढें बरा झाला. पण ‘हॅड’ हा शब्द लिहितांना आमचा हात अजून थांबतो.

लिहावयाचें होतें तें असें: ‘ही हॅज हॅड फीवर फॉर एट डेज.’ जें मागें सुरू झालें आणि अजून चालूं आहे, तेथें ‘हॅज हॅड’ किंवा ‘हॅव्ह हॅड’. दोन सारखे शब्द शेजारीं पाहून बिचकूं नये. पुष्कळ लोक ‘ही हॅज फीवर सिन्स एट डेज’ असें लिहितात. तेंही अशुद्धच, तरी त्यानें रोग्याचा घात होत नाहीं. आमच्या वाक्यापेक्षां तें बरें. मुदत सांगावयाची तर ‘फॉर’, आणि आरंभाचा दिवस सांगावयाचा तर ‘सिन्स’: ‘फॉर एट डेज’, ‘सिन्स मंडे’.

‘हॅड’चा आणखी एक घोटाळा आहे. ‘मी काल पुण्यास गेलों होतों’ ह्याचें इंग्रजी आपण ‘आय हॅड गॉन टु पुणे यस्टरडे’ असें करितों. तें ‘आय वेंट टु पुणे यस्टरडे’ असें पाहिजे. ‘हॅड गॉन’ ऐकतांच इंग्रजी जाणणारा, ‘मग पुढें काय झालें?’ म्हणून वाट पाहतो, कारण तें रूप मागच्या दोन गोष्टींपैकीं अगोदरची दाखवितें. ‘व्हेन ही केम, आय हॅड गॉन टु पुणे,’ म्हणजे तो आला त्यापूर्वींच मी निघालों होतों. तसेंच ‘ही हॅज गॉन टु पुणे’ म्हणजे तो गेला आहे, परतला नाहीं. जाऊन आला असेल तर ‘ही हॅज बीन टु पुणे’. ‘यस्टरडे’ शब्द असल्यास मात्र ‘हॅव्ह सीन’, ‘हॅव्ह गॉन’ चालत नाहीं. ‘आय सॉ हिम यस्टरडे’ असेंच म्हणावें.

‘आय हॅव्ह टु गो’ म्हणजे मला गेलेंच पाहिजे. बोलतांना त्याचा उच्चार ‘हॅफ टु’ असा होतो. 1611 सालच्या इंग्रजी शास्त्रांत ‘हॅथ’ व ‘हॅस्ट’ अशीं जुनीं रूपें आढळतात. वाचतांना तीं ओळखावीं, पत्रांत घालूं नयेत.

वाचकांनीं पुढील वाक्यांचें इंग्रजी करून पाहावें: माझ्या बहिणीस तीन मुलें आहेत. मास्तरांस सोमवारपासून खोकला आहे. मी काल बाजारास गेलों होतों. वडील बाजारास गेले आहेत, संध्याकाळीं येतील.