लेकराचा ताप पाच दिवस उतरत नाही?

दुसरबीडला वस्तीत आरोग्याची बैठक घेतली की आया हमखास विचारतात, "सिस्टर, पुरळ आलं म्हणजे गोवरच ना? कडुनिंबाचा पाला ठेवला की झालं ना?" नाही. गोवर असला तरी दवाखाना हवाच. आणि दर वेळी तो गोवरच असेल असंही नाही.

कावासाकी नावाचा एक आजार आहे. जपानच्या डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ मध्ये अशा ५० मुलांची माहिती प्रसिद्ध केली. हा बहुधा पाच वर्षांखालील मुलांना होतो. यात रक्तवाहिन्यांना आतून सूज येते. उपचार झाले नाहीत, तर चारातल्या साधारण एका लेकराच्या हृदयाच्या धमन्या फुगतात. पुढे तिथे गुठळी होऊन जीवावर बेतू शकतं.

हे विषाणूमुळे होतं का?

तशी दाट शंका आहे, पण एकच असा विषाणू अजून सापडलेला नाही. विषाणू ठिणगी टाकतो आणि बिथरलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटते, असं अनेक तज्ज्ञ मानतात. कोरोनात याच्याशी मिळताजुळता आजार दिसला. २०२० मध्ये मुंबईच्या वाडिया रुग्णालयात अशी मुलं दाखल झाली. कोरोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी ताप, पुरळ, लाल डोळे आणि हृदयावर सूज, असं त्याचं रूप होतं.

कावासाकी एकाचा दुसऱ्याला लागत नाही. त्यामुळे अशा लेकराला वाळीत टाकू नका.

ही लक्षणं ओळखा

• पाच दिवस किंवा जास्त ताप
• दोन्ही डोळे लाल, पण चिपडं नाहीत
• ओठ लाल, फुटलेले, जीभ लालभडक
• अंगावर पुरळ
• हातपाय सुजलेले, नंतर बोटांची सालं निघणं
• मानेत गाठ

सगळी लक्षणं एकाच वेळी दिसतीलच असं नाही. आज दिसलेलं उद्या जातं, म्हणून तारखेसह लिहून ठेवा.

काय करायचं?

बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि "हृदयाची टू-डी इको लागेल का?" असं स्पष्ट विचारा. शिरेतून देण्याचं इम्युनोग्लोब्युलिन दहा दिवसांच्या आत मिळालं, तर धमन्यांचा धोका खूप कमी होतो. ते महाग असतं. म्हणून महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. ॲस्पिरिन मनाने देऊ नका. हे इंजेक्शन मिळालं असेल, तर पुढच्या गोवराच्या लसीआधी डॉक्टरांना सांगा. ती काही महिने पुढे ढकलावी लागते.

आजाराला कारण असतं आणि कारण कळलं की उपायही सापडतो. लेकराचा ताप मोजा, दिवस मोजा. पाचवा दिवस उजाडायची वाट पाहू नका.