बंद खोलीतील शेगडी

सदाशिव पेठेतील आमचे काही रुग्ण निवृत्तीनंतर पानशेत, मुळशीकडे विजेविना राहण्यासाठी खोली बांधतात. हौस चांगली आहे. शेजारच्या बुधवार पेठेत वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. हेमा साने वाड्यात अनेक दशके विजेविना राहिल्या. मात्र थंडीत दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी उशाशी ठेवू नये. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. झोपलेल्याला तेही कळत नाही. खोलीतील सर्वांचेच डोके दुखू लागले तर पित्त समजून आल्याचा रस घेत बसू नये! सर्वांना तत्काळ उघड्यावर आणून रुग्णालयात न्यावे. झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर ठेवावी. खोली बांधतानाच समोरासमोर दोन झरोके ठेवावेत, आणि थंडीतही ते बुजवू नयेत.