परदेशी विद्यार्थी आणि एक सरकारी नियम

परदेशीं शिक्षणास जाण्याचा मनोरथ आमच्या वरच्या इयत्तांतील पुष्कळ विद्यार्थी बाळगीत असतात. प्रवेशपत्र हातीं आलें कीं सर्व कांहीं साधलें, अशी त्यांची समजूत असते. ती किती अपुरी आहे, हें सन २०२० च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंत जें घडलें त्यावरून ध्यानांत येईल.

तेथें विद्यापीठांत पूर्ण वेळ शिकणारा परदेशी विद्यार्थी बहुधा ‘एफ-१’ व्हिसावर राहतो. त्यानें प्रत्यक्ष वर्गांत बसून शिकावें अशी त्या व्हिसाची अट आहे. ऑनलाइन विषय सामान्यतः एकच हिशेबांत धरतात. कोरोनाच्या सांथींत विद्यालयें बंद पडलीं, तेव्हां १३ मार्च २०२० रोजीं सरकारनें ही अट शिथिल केली, आणि आणीबाणी असेपर्यंत ही सवलत राहील असें लिहून दिलें. ह्या शब्दांकडे वाचकांनीं नीट लक्ष द्यावें. पुढील वाद बव्हंशीं त्यांवरच उभा राहिला.

सांथ ओसरली नसतांच ६ जुलै रोजीं इमिग्रेशन खात्यानें जाहीर केलें कीं, ज्या विद्यापीठाचें शिक्षण सर्वस्वी ऑनलाइन असेल, तेथील परदेशी विद्यार्थ्यांनीं देश सोडावा, किंवा प्रत्यक्ष वर्ग भरणाऱ्या दुसऱ्या संस्थेंत जावें. अशा विद्यार्थ्यांची संख्या थोडी नव्हती. त्या वर्षीं तेथें दहा लाखांहून अधिक परदेशी विद्यार्थी होते, व त्यांत भारताचे सुमारें १ लाख ९३ हजार. परत यावें तर नियमित विमानें भारतानें मार्चपासून बंद ठेविलेलीं. बरें, घरीं बसून शिकावें म्हटलें, तर बॉस्टन येथें दुपारचे दोन वाजतात तेव्हां उन्हाळ्यांत मुंबईस रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. आणि प्रयोगशाळा कांहीं घरीं आणतां येत नाहीं!

८ जुलै रोजीं हार्वर्ड आणि एमआयटी ह्या संस्थांनीं बॉस्टनच्या संघीय न्यायालयांत सरकारवर दावा लाविला. त्यांनीं आधार घेतला तो १९४६ च्या एका कायद्याचा. सरकारी खात्यानें मनमानी करूं नये, निर्णय बदलतांना सयुक्तिक कारण द्यावें, असें तो कायदा सांगतो. मार्चमधील शब्दांवर विसंबून आम्हीं वर्षाची आंखणी केली, आणि आणीबाणी तर अद्याप कायम आहे, हें त्यांचें म्हणणें. इतर अनेक विद्यापीठांनीं त्यांस लेखी पाठिंबा दिला. सतरा राज्यांनीं स्वतंत्र दावा केला. १४ जुलै रोजीं सरकार नियम मागें घेण्यास कबूल झाल्याचें न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनीं न्यायालयांत सांगितलें. सरकारी हुकूम आठ दिवसांत फिरल्याचीं उदाहरणें आम्हांस फारशीं आठवत नाहींत.

तथापि हा विजय पुरता नव्हता. जे आधींपासून शिकत होते ते राहिले; परंतु २४ जुलैच्या खुलाशाप्रमाणें, ज्यांचें शिक्षण केवळ ऑनलाइन होतें अशा नवागतांस प्रवेश नाकारण्यांत आला. दावा लावणाऱ्या हार्वर्डच्याच पहिल्या वर्षाच्या परदेशी विद्यार्थ्यांस त्या सत्रापुरतें तेथें जातां आलें नाहीं.